उलव्यातले दोन फ्लॅट आणि लिथियमची गोळी

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा, कारण माझ्या बिल्डिंगवरून मध्येच विमान जाईल. २५ डिसेंबरपासून इथलं विमानतळ सुरू झालं, तेव्हापासून आमच्या उलव्यात रेकॉर्डिंग करणं म्हणजे कसरतच आहे. थांबून परत बोलतो, आणि लेखी रूप देताना ते तुकडे काढून टाकतो. तेवढं सांभाळून घ्या.

आजचा एपिसोड टेकचा नाही. मी एरवी कोडिंग, इंटरव्ह्यू, पगार वगैरेवर बोलतो. आज माझ्या आजारावर बोलणार आहे. पुढच्या महिन्यात, ३० मार्चला जागतिक बायपोलर दिन असतो. व्हॅन गॉगचा वाढदिवस म्हणून तो दिवस निवडला म्हणतात. पण खरं कारण ते नाही. मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याने लिहिलं होतं, "दादा, तू एवढा डिसिप्लिन्ड कसा? रोज साडेदहाला झोपतोस, हे कसं जमतं?" मी त्याला दोन ओळींचं खोटं उत्तर पाठवलं. पाच पुस्तकांची नावं दिली, वर एक सूर्यनमस्कारांची लिंक. नंतर लाज वाटली. मी साडेदहाला झोपतो कारण नाही झोपलो तर काय होतं ते मला माहीत आहे.

मला बायपोलर डिसऑर्डर आहे. टाइप वन. वय २८, बीटेक, नोकरी चालू, भाड्याचं वन बीएचके, सोबत आई. आणि या आजाराने मला दोन वर्षांपूर्वी जवळजवळ दोन फ्लॅटचा मालक केलं होतं.

तीच गोष्ट आधी सांगतो.

१२ जानेवारी २०२४ आठवतो का? अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी खारकोपर ते उरण लोकल सुरू झाली. उलव्यात तर दिवाळीच होती. प्रत्येक चौकात होर्डिंग, प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आता नाही तर कधीच नाही". मुंबई वीस मिनिटांवर, विमानतळ पायाशी, भाव दुप्पट होणार. चहाच्या टपरीवर रिक्षावालाही कार्पेट एरिया आणि बिल्ट-अपमधला फरक समजावत होता.

त्या काळात मी रात्री दोन-अडीच तास झोपत होतो. आणि थकवा अजिबात नाही! उलट असं वाटायचं की बाकी जग स्लो मोशनमध्ये चाललंय आणि मलाच सगळं नीट दिसतंय. चौदा डोमेन नावं विकत घेतली होती. विमानतळामुळे इथे जे काही येणार, म्हणजे हॉटेलं, कार्गो, ड्रायव्हर, लाँड्री, त्या सगळ्यांना जोडणारं एक अॅप माझ्या डोक्यात तयार होतं. एका रात्री अडीच वाजता स्कूटर घेऊन सेतूच्या तोंडाशी गेलो. सेतूवर दुचाकीला परवानगी नाही, पोलिसांनी अडवलं. मी त्यांना वीस मिनिटं समजावत होतो की हा नियम का बदलायला हवा आणि त्यासाठी मी कुणाला भेटणार आहे. ते बिचारे हसून म्हणाले, "साहेब, घरी जा, थंडी आहे."

त्याच आठवड्यात मी दोन वेगवेगळ्या साइटवर टोकन भरलं. एकीकडे ५१ हजार, दुसरीकडे दोन लाख. पैसे कुठून? बँकेच्या अॅपमध्ये प्री-अप्रूव्ह्ड लोन असतं ना, ते. रात्री दोन वाजता साडेपाच लाख, चार मिनिटांत खात्यात. ओटीपी टाकला, झालं. मी प्रॉडक्टवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एकदम स्मूथ अनुभव.

आता यातली गंमत बघा, म्हणजे आज गंमत म्हणतोय. कुणालाही काही वावगं वाटलं नाही. सेल्सवाल्याला नाही, ऑफिसातल्या मित्रांना नाही. एकाने तर "भावा, तुझ्यात डेअरिंग आहे" म्हणून माझ्याकडून एजंटचा नंबर घेतला. मॅनियातला माणूस आणि तेजीतलं उलवे यांची भाषा एकच होती. मी म्हणत होतो भाव दुप्पट होणार, होर्डिंगही तेच म्हणत होतं. मग वेडं कोण ठरवायचं?

दोघांना मात्र कळलं होतं. एक माझी ताई, कामोठ्याला राहते. तिने फोनवर माझं बोलणं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "किती वाजता झोपलास काल?" दुसरे आमच्या सोसायटीचे वॉचमन काका. त्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी त्यांना एका रात्री ४० हजार रोख दिले होते. मागितले नव्हते त्यांनी, मीच दिले. हॉस्पिटलमधून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी काका पाकीट घेऊन दारात उभे. तसंच्या तसं पाकीट, रबरबँडसुद्धा तोच. म्हणाले, "साहेब, तुमची तब्येत बरी नव्हती. मला दिसत होतं. म्हणून खर्च नाही केले." मी मुलीच्या फीचं विचारलं, तर म्हणाले भागलं कसंतरी.

५१ हजार ताईने परत आणले. त्या ऑफिसात ती सलग तीन दिवस जाऊन बसली. दोन लाख गेले, पावतीवर बारीक अक्षरात नॉन-रिफंडेबल लिहिलं होतं आणि खाली माझीच सही. लोनचा हप्ता १९ हजार आहे, ३६ महिने. अजून ११ बाकी आहेत. आणि हो, ज्या मायक्रोफोनवर मी आत्ता बोलतोय, तो त्याच जानेवारीतला आहे. २४ हजारांचा. विकून टाकणार होतो, पण आवाज छान येतो.

आता थोडं मागे जातो.

बायपोलर म्हणजे "आत्ता खूश, पाच मिनिटांनी उदास" असं नसतं. मीम्समध्ये तसं दाखवतात. मूड तर सगळ्यांचेच बदलतात. इथे एकेक टोक आठवडे, महिने चालतं. वरच्या टोकाला मॅनिया म्हणतात. ती अवस्था निदान आठवडाभर टिकली किंवा दाखल करावं लागलं, तर तो टाइप वन. थोडं सौम्य, निदान चार दिवसांचं वरचं टोक म्हणजे हायपोमॅनिया, आणि त्याच्या जोडीला मोठं नैराश्य असेल तर टाइप टू. खालचं टोक दोघांतही असतं आणि बहुतेकांचा जास्त काळ त्या खालच्या टोकातच जातो. मराठीत याला द्विध्रुवीय विकार म्हणतात, पण हा शब्द मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्या घरात त्याला "ते" म्हणतात. "तुझं ते बरं आहे ना आता?" असं आई विचारते.

माणगावकडचं आमचं गाव. माझे धाकटे काका अधूनमधून "जायचे", म्हणजे त्यांचं डोकं जायचं. दोन-तीन महिने रात्रभर जागे, गावजेवणं घालायचे, एकदा बैलजोडी विकून भजनी मंडळाला वाद्यं घेऊन दिली. मग वर्षभर माडीवर भिंतीकडे तोंड करून पडून. घरच्यांनी त्यांच्यासाठी बाहेरचं बघितलं, भगत झाला, गाऱ्हाणी झाली, नारळ झाले. डॉक्टर तेवढा राहिला. ते गेले तेव्हा मी सातवीत होतो. हा आजार घराण्यात उतरू शकतो, रक्ताच्या नात्यात असेल तर धोका वाढतो, हे मला कळलं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि समोर सायकिअॅट्रिस्ट बसले होते. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला?" मी "नाही" म्हणालो. ताई शेजारून म्हणाली, "काका."

मी लोणेऱ्याला बीटेक केलं. दुसऱ्या वर्षाला तीन आठवडे असे आले की झोप जवळपास नाही, फेस्टचं अख्खं अॅप एकट्याने लिहिलं, स्टेजवर निवेदनही मीच केलं. अजूनही मित्र म्हणतात, तू तेव्हा काय फॉर्मात होतास! मलाही कित्येक वर्षं वाटायचं की खरा मी तो. त्यानंतरच्या सेमला दोन विषय राहिले आणि मी हॉस्टेलच्या खोलीतून जेवायलाही उतरत नव्हतो, ते मात्र आळसाच्या खात्यात गेलं.

मग २०२० ला लॉकडाउनमध्ये पुन्हा खाली गेलो. गावाकडच्या एका डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली. त्यांची चूक म्हणणार नाही, मी त्यांना फक्त उदासी सांगितली होती. फॉर्मात होतो ते आजार म्हणून कोण सांगेल? पण बायपोलरमध्ये नुसती अँटिडिप्रेसंट दिली तर माणूस उलट वर उडू शकतो. मी उडालो. थोडाच, पण ताईला दिसेल इतका. तेव्हा निदान झालं, २०२१ मध्ये. सांगायचा मुद्दा हा की डॉक्टरकडे जाल तेव्हा वाईट दिवसांइतकेच जरा जास्तच चांगले गेलेले दिवसही सांगा. शक्य असेल तर घरचं कुणी सोबत न्या, कारण आपल्याला ते दिवस चांगलेच आठवतात.

निमहान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं होतं. बारा राज्यं होती, महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात बायपोलर असलेल्या लोकांपैकी ७० टक्क्यांना उपचार मिळत नव्हते. काका आठवले ते वाचून.

आता तुम्ही विचाराल, निदान २०२१ ला झालं, गोळ्या सुरू झाल्या, मग जानेवारी २०२४ कसा आला?

गोळ्या बंद केल्या म्हणून. मी स्वतः केल्या, २०२३ च्या गणपतीनंतर. कुणाला न सांगता.

यावर लोक लगेच म्हणतात, "पण का? शिकलेला माणूस ना तू?" तर कारणं ऐका. लिथियमने हात थरथरतो. टाइप करताना नाही कळत, पण ऑफिसात चहाचा कप बशीवर वाजतो आणि समोरचा हाताकडे बघतो. तहान लागते, दर तासाला बाथरूम, आणि नेरूळला गाडी बदलून ऐरोलीला जाणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. दुसऱ्या एका गोळीने वजन अकरा किलो वाढलं. केमिस्ट प्रिस्क्रिप्शन वाचतो, मग वर आपल्याकडे बघतो, ती नजर. आणि सगळ्यात मोठं कारण, मी बरा होतो. दोन वर्षं काही झालं नव्हतं. बरा आहे तर गोळी कशाला? गोळीमुळेच बरा आहे, हे वाक्य मला पाठ होतं, पण पाठ असणं आणि पटणं यात फरक आहे. शिवाय आतून एक खाज होती, लोणेऱ्याच्या फेस्टमधला तो पोरगा परत येईल का याची. ही गोष्ट मी डॉक्टरांनाही फार उशिरा सांगितली.

एक गोष्ट वाचून धीर आला. के रेडफिल्ड जेमिसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांना स्वतःला हा आजार आहे आणि याच आजाराच्या त्या तज्ज्ञ आहेत. १९९५ मध्ये त्यांनी 'अॅन अनक्वाएट माइंड' हे आत्मकथन लिहिलं, त्यात त्यांनी कबूल केलंय की त्यांनीही लिथियम पुन्हा पुन्हा सोडलं होतं. सगळं माहीत असून. म्हणजे प्रश्न माहितीचा नाही. पाय मोडला तर पाय दुखतो आणि मेंदू सांगतो, अरे पाय मोडलाय. इथे जो सांगणार तोच बिघडलेला असतो, आणि मॅनियात तर तो सांगतो की इतकं छान कधीच नव्हतं.

१९ जानेवारीला ताई आणि भावोजींनी मला दाखल केलं. मी भांडलो, शिव्या दिल्या, ताईला नको ते बोललो. त्यातलं एक वाक्य आम्हा दोघांनाही आठवतं आणि आम्ही त्याबद्दल बोलत नाही. अकरा दिवस आत होतो. तिथलं फार सांगण्यासारखं नाही, जेवण बेचव, टीव्हीवर सतत कुठलीतरी मालिका, आणि झोप. प्रचंड झोप.

विम्याची गोष्ट मात्र ऐकून ठेवा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून क्लेम केला तर आधी नाकारला, मानसिक आजार कव्हर होत नाही म्हणून. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१(४) मध्ये स्पष्ट आहे की शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. ताईने ते कलम लिहून तक्रार केली, दीड महिन्याने पैसे आले. तुमच्या पॉलिसीचं पीडीएफ आज उघडा आणि त्यात "मेंटल" शब्द शोधा. बरे असतानाच शोधा.

त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात अजून एक सोय आहे. पुढे कधी आजारात आपला निर्णय आपल्याला घेता आला नाही तर काय उपचार हवेत, काय नकोत, हे आपण बरे असताना लिहून ठेवता येतं. आणि आपल्या वतीने कोण बोलेल तो प्रतिनिधीही नेमता येतो. मी ताईला नेमलंय. कागदावर सही करताना तिने विचारलं, "म्हणजे तू शिव्या दिल्यास तरी मी तुला नेऊ शकते?" मी म्हटलं, तेव्हा तर नक्की ने.

दाखल झाल्यानंतरचे सहा महिने खाली गेलो. त्याबद्दल मी थोडंच बोलणार आहे. मॅनियाचे किस्से होतात, त्या सहा महिन्यांचा एकही किस्सा नाही. टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारापर्यंत जायचं आणि परत येऊन बसायचं. पगारातून १९ हजार गेल्याचा मेसेज आला की पोटात खड्डा. मरून जावं असं रोज वाटत होतं आणि ते आईला सांगितलं नाही, ताईला सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त चार दिवस इथे येऊन राहिली आणि डॉक्टरांची वेळ अलीकडे घेतली. तुमच्यापैकी कुणी आत्ता तिथे असेल तर हा एपिसोड थांबवा आणि कुणाला तरी फोन करा. कुणीच सुचत नसेल तर १४४१६, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

बरं. आता रोजचं.

माझ्याकडे एक गूगल शीट आहे. त्यात रोज तीन आकडे भरतो. किती तास झोपलो, मूड उणे पाच ते अधिक पाच, आणि किती रुपये खर्च केले. झोप हा माझा सगळ्यात भरवशाचा आकडा. मूड भरताना मी स्वतःला फसवू शकतो, झोपेला नाही. नियम असा आहे की लागोपाठ दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली, तर ताईला फोन, आणि तिने सांगितलं तर डॉक्टरांना. मला कसंही वाटत असलं तरी. शीट ताईसोबत शेअर केलेली आहे. पिट्सबर्गमध्ये एलन फ्रँक म्हणून संशोधक होत्या, त्यांनी याच कल्पनेवर एक थेरपी बसवली. उठणं, जेवणं, लोकांना भेटणं, झोपणं यांच्या वेळा घट्ट धरायच्या, म्हणजे मूडला आधार मिळतो. माझ्या आजीला हे थेरपीशिवाय माहीत होतं, पण ती आयटीत नव्हती.

आयटीत असाल तर शत्रू म्हणजे अमेरिकेचं घड्याळ. आमचा क्लायंट तिकडचा. उन्हाळ्यात कॉल रात्री साडेआठला असतो, नोव्हेंबरमध्ये ते त्यांची घड्याळं तासभर मागे घेतात आणि आमचा कॉल साडेनऊला जातो. एका तासाचा फरक, तुम्ही म्हणाल काय मोठंसं. माझ्यासाठी कॉल संपून डोकं शांत व्हायला दीड तास लागतो, म्हणजे साडेअकरा-बारा. त्यात ऑन-कॉलचा आठवडा आला तर रात्री तीनला फोन वाजणार. दोन वर्षं मी मॅनेजरला "झोपेचा आजार आहे" असं सांगून ऑन-कॉल टाळत होतो. मागच्या नोव्हेंबरमध्ये खरं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "ऑन-कॉल मी बघतो, तू दिवसाचं डिप्लॉयमेंट घे. पण अप्रेझल होईपर्यंत अजून कुणाला सांगू नकोस." चांगलंच वागले ते. आणि त्या शेवटच्या वाक्याचा मी अजून विचार करतो. आता एपिसोड टाकतोय म्हणजे सगळ्यांनाच सांगितल्यासारखं आहे. नाव नाही सांगितलं, पण आवाज ओळखतीलच.

पैशाचं सोपं केलंय. क्रेडिट कार्ड बंद. यूपीआयची रोजची मर्यादा पाच हजार. त्याहून मोठी खरेदी असेल तर आज ठरवायची, उद्या करायची. पगाराचं खातं वेगळं, त्याचं डेबिट कार्ड ताईच्या कपाटात. २८ वर्षांच्या माणसाला बहिणीकडे पैसे मागायला कसं वाटतं? वाईट वाटतं. दर वेळी.

आता लिथियमबद्दल एक मोठी चूक सांगतो, ती पूर्णपणे माझी आहे. लिथियम जुनं औषध. ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ मध्ये मॅनियासाठी त्याचा उपयोग दाखवला. एक प्रकारचं मीठच आहे ते, आणि माझ्या औषधांच्या बिलात सगळ्यात स्वस्त. पण त्याचं रक्तातलं प्रमाण नेमकं लागतं. साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये. कमी पडलं तर उपयोग नाही, १.५ च्या वर गेलं की विषारी. म्हणून ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं, तेही आदल्या डोसनंतर बारा तासांनी, आणि सोबत किडनी आणि थायरॉइड.

मागच्या मे महिन्यात गावी चुलत बहिणीचं लग्न होतं. माणगावचं मे महिन्यातलं ऊन, मांडवात धावपळ, पाणी कमी. गुडघा दुखत होता म्हणून चार दिवस आयबुप्रोफेन घेतली, मेडिकलमधून सरळ आणलेली. शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियम साचतं, आणि या जातीच्या पेनकिलरनेही साचतं. मला दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी सांगितल्या होत्या, कागदावर लिहून. हळदीच्या दिवशी जुलाब सुरू झाले, उलटी, हात असे थरथरायला लागले की अक्षता धरता येईनात. चालताना झोक जात होता. मंडपात एकजण म्हणाला, "काय रे, सकाळीच लावली का?" आणि सगळे हसले. मीही हसलो. ताई हसली नाही. तिने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एकच सांगितलं, पुढची गोळी देऊ नका आणि लगेच हॉस्पिटल. लेव्हल १.७ निघाली. सलाइन लावून दोन दिवस ठेवलं. बहिणीचं लग्न मी व्हिडिओ कॉलवर बघितलं.

तेव्हापासून फोनच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी आहे. मी लिथियमवर आहे, अमुक पेनकिलर देऊ नका. आणि एकादशीला आईसोबत निर्जळी उपास बंद. आईला त्याचं वाईट वाटलं, मग तिनेच स्वतःचाही निर्जळी सोडला. म्हणाली एकटीने काय करायचं.

आई. हा भाग मला सगळ्यात अवघड आहे. ती आत झोपलीये म्हणून हळू बोलतो.

मॉनिटरिंगमध्ये काम केलेल्यांना माहीत असेल, अलर्टचा थ्रेशोल्ड फार खाली ठेवला की रोज पन्नास अलर्ट येतात आणि मग खरा अलर्टही कुणी बघत नाही. आईचा थ्रेशोल्ड शून्यावर आहे. मी मोठ्याने हसलो, अलर्ट. गाणं गुणगुणलो, अलर्ट. ८ ऑक्टोबरला विमानतळाचं उद्घाटन झालं, मी गच्चीवरून परत आलो आणि म्हणालो, "आई, काय भारी वाटतंय आज!" तिने हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि विचारलं, "गोळी घेतलीस ना?" मी भडकलो. म्हटलं मला आनंद व्हायची परवानगी आहे की नाही या घरात? तिने काही उत्तर दिलं नाही. पोळी करपली.

रात्री शीट उघडून बघितली. आदल्या रात्रीची झोप चार तास चाळीस मिनिटं. तिच्या आदल्या रात्री सव्वापाच.

म्हणजे नियम मोडला नव्हता. पण ती अगदीच चुकीचीही नव्हती. माझ्यासाठी या आजारातलं खरं कठीण काम हे आहे. प्रत्येक आनंदाला आधी ओळखपत्र मागायचं. हा माझा आहे की त्याचा? बहुतेक वेळा माझाच असतो. विचारेपर्यंत मात्र तो निघून गेलेला असतो. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, दर वेळी विचारू नका, आकड्यांवर सोडा. सोडायचा प्रयत्न करतोय. आईशी करार केलाय की गोळीबद्दल दिवसातून एकदाच विचारायचं, रात्री सव्वादहाला. ती तो पाळते, पण मी हसलो की तोंड दुसरीकडे करते, ते मला दिसतं.

लग्नाचं राहिलंच. स्थळं येतायत. आईचं म्हणणं, आधी जमू दे, मग सांगू. ताईचं म्हणणं, आधीच सांग. कायद्याने बघितलं तरी लपवून केलेलं लग्न पुढे कोर्टात टिकणं अवघड होऊ शकतं. पण मला कायद्यापेक्षा जानेवारी २०२४ दिसतो. तसा दिवस परत आला तर समोरच्या व्यक्तीला निदान माहीत हवं की हे काय आहे आणि कुणाला फोन करायचा. तर डिसेंबरमध्ये एका मुलीला सीवूड्सला दुसऱ्यांदा भेटलो आणि सगळं सांगितलं. फ्लॅटसकट. ती फ्लॅटच्या गोष्टीवर हसली, खरंच हसली. चांगले प्रश्न विचारले, मुलांना होऊ शकतो का, गोळ्या कायम का. आठवड्याने तिच्या मामांचा आईला फोन आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका आधीच जुळवून मग भेटलो होतो आम्ही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग ताईला फोनवर सांगताना ऐकलं, "पण त्याने तोंडावर सांगितलंन् गं, त्याच्या काकासारखं झाकून नाही ठेवलंन्." हे कौतुक होतं की तक्रार ते मला अजून कळलेलं नाही.

त्या मुलीचा नंतर एक मेसेज आला होता. नुसतं "काळजी घे". मी "तू पण" लिहिलं.

बरं मंडळी, दहा वाजून तेरा मिनिटं झालीत. हे एडिट मी उद्या दिवसा करणार आहे, आज नाही. तुमच्या घरात कुणाला "ते" असेल आणि काही विचारायचं असेल तर लिहा. उत्तर द्यायला वेळ लागेल, रात्री मी फोन बघत नाही. औषधांचं मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांना. पुढच्या आठवड्यात परत टेक, नोटीस पीरियडवर बोलू.

दार वाजतंय. सव्वादहा झाले वाटतं.

हो गं आई. घेतो.